तांबडा वर, पांढरा खाली

२८ जानेवारी २०२५ची रात्र. दुसऱ्या दिवशी मौनी अमावस्या होती, त्यामुळे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून निघून आम्ही बारा-तेरा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्यात जाळी सोडली होती. मी, धाकटा भाऊ आणि एक खलाशी. बाबा गुडघ्यांमुळे आता रात्रीचे येत नाहीत. अडीचच्या सुमारास इंजिनाची घरघर ऐकू आली आणि मग एक मोठा ट्रॉलर, म्हणजे जाळं मागून ओढत नेणारी नौका, सरळ आमच्याच रोखाने येताना दिसला. आमच्याकडे बांबूला बांधलेला एक चार्जिंगचा पांढरा दिवा होता, तो चालू होता. भावाने विजेरी घेऊन आधी त्यांच्या केबिनकडे आणि मग आमच्याच होडीवर झोत मारला. ट्रॉलर शेवटच्या क्षणी वळला. त्याच्या लाटेने होडी इतकी कलली की बर्फाची पेटी घसरून काठाला आपटली. जाळ्याचं टोक त्याच्या पंख्यात जाऊन चार तुकडे गेले.

जाळ्याचं नुकसान भरून निघतं. मला झोप लागेना ती दुसऱ्याच विचाराने. दिवा चालू होता, तरी तो का आला? पुढचे आठ महिने त्या प्रश्नामागेच गेले. लहान होडीवर दिवे बसवायचे म्हटलं की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे.

उत्तर आमच्याच वाडीतल्या एका जुन्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, दिलं. ते म्हणाले, जाळ्याच्या बोयावरही (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवरही) पांढराच दिवा असतो, नांगरलेल्या होडीवरही पांढराच. लांबून एक पांढरा ठिपका दिसला, तर समोरच्याला त्यातून काय समजणार? तिथे माणसं आहेत, जाळं पाण्यात आहे, होडी बाजूला होऊ शकत नाही, यातलं काहीच त्यातून कळत नाही. शिवाय ट्रॉलरच्या डेकवर लख्ख उजेड असतो. त्या उजेडात काम करणाऱ्याला बाहेरचा मिणमिणता दिवा दिसतच नाही.

घरी विषय काढला तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. "आमी येलईडीच्या विरोधात रस्त्यार बसलंव, नि आता आपल्याच होडयेवर लायटी? लोकां काय म्हणतली?" हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कदाचित समजणार नाही. मालवणच्या किनाऱ्यावर 'एलईडी' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. जनरेटर लावून हजारो वॅटचे दिवे पाण्यावर सोडायचे, उजेडाकडे गोळा झालेला सगळा मासा एका वेढ्यात उचलायचा, आणि मागे आमच्यासारख्या गिलनेटवाल्यांना (पाण्यात उभं जाळं सोडणाऱ्यांना) आणि रापणकरांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना) रिकामी जाळी. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी देशाच्या समुद्रातल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (ईईझेड) अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. राज्याचा १९८१चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम २०२१ मध्ये सुधारला आणि दंड लाखांत गेला. ही बंदी मला मनापासून हवी आहे. म्हणूनच दिवा विकत घेण्याआधी मी मत्स्यव्यवसाय कार्यालयात गेलो, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा असं सांगेन.

१० फेब्रुवारीला गेलो तेव्हा साहेब गस्तीवर होते. १३ तारखेला पुन्हा गेलो, दीड तास बसलो, भेट झाली. सोबत नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, विमा आणि एका वहीच्या पानावर माझी यादी होती: कुठला दिवा, किती वॅटचा, कुठे बसवणार, वीज कुठून घेणार. ती यादी फार उपयोगी पडली. "दिवे लावू का" असं तोंडी विचारलं असतं, तर उत्तर मोघम मिळालं असतं. यादी पाहून त्यांनी सांगितलं की नौकानयनाचे दिवे आणि डेकवर काम करण्यापुरता दिवा यांना हरकत नाही. पाण्यावर झोत टाकणारा दिवा आणि जनरेटर मात्र होडीवर दिसता कामा नये. त्यासाठी वेगळा परवाना मागितला नाही. मी स्वतःहून एक साधा अर्ज लिहून दिला आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतली. "बिलं आणि फोटो परवान्यासोबत ठेवा," हा त्यांचा शेवटचा सल्ला. तो पुढे कामी आला, ते येईलच.

फेब्रुवारीचे उरलेले दिवस आणि मार्च वाचण्यात गेला. समुद्रातली टक्कर टाळण्यासाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली १९७२ची आहे, १९७७ पासून लागू आहे, आणि ती मोठ्या जहाजांइतकीच आमच्या होडीलाही लागू होते. त्यात मासेमारीसाठी वेगळा नियम आहे. ट्रॉल ओढणाऱ्या नौकेने वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा लावायचा. बाकी प्रकारे मासेमारी करणाऱ्याने, म्हणजे आमच्यासारख्या जाळं सोडणाऱ्याने, वर तांबडा आणि खाली पांढरा. हे दोन्ही दिवे चहूबाजूंनी दिसले पाहिजेत. भावाने त्याची एक ओळ केली: "हिरवा-पांढरा ओढतो, तांबडा-पांढरा सोडतो." आता वाडीतली पोरंही ती म्हणतात.

होडी पाण्यातून पुढे सरकत असेल, तर या दोघांसोबत बाजूचे दिवे आणि मागचा दिवाही हवा. डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा. जाळं दीडशे मीटरपेक्षा लांब पसरलं असेल, तर जाळ्याच्या दिशेने आणखी एक पांढरा. मासेमारी न करता नुसतं इंजिनावर जाताना बारा मीटरपेक्षा लहान होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा आणि बाजूचे दोन पुरतात. सात मीटरपेक्षा लहान आणि संथ होडीला यात आणखी सवलत आहे. म्हणून मी टेप घेऊन होडी मोजली. आम्ही तिला आयुष्यभर 'तीस फुटी' म्हणत आलो, ती ८.८ मीटर भरली. सवलत आम्हाला लागू नव्हती.

आता खरेदी. एप्रिलच्या सुरुवातीला मी ऑनलाइन ६५० रुपयांचा एक डेकचा दिवा मागवला. ट्रकवर लावतात तसा, वर 'वॉटरप्रूफ' लिहिलेला. अकराव्या दिवशी त्याच्या काचेच्या आत पाणी दिसलं आणि स्क्रूंना गंज चढला. पावसाच्या पाण्यासाठी केलेली वस्तू खाऱ्या पाण्यात टिकत नाही, हे मला तेव्हा समजलं.

त्यानंतर कुडाळहून कोकणकन्या पकडून मुंबईला गेलो, एक दिवस दारूखाना आणि मशीद बंदर पायी फिरलो. दारूखान्यात जुन्या जहाजांचे पितळी दिवे मिळतात. ते पाहून हात फिरवावासा वाटतो, पण ते २४ किंवा २२० व्होल्टचे असतात, आणि एकेकाचं वजन आमच्या डोलकाठीला पेलणार नाही. नवे, १२ व्होल्टचे, लहान नौकेसाठीचे दिवे मशीद बंदरला मिळाले. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, खोक्यावर किती सागरी मैलांवरून दिसतो ते लिहिलेलं असतं. बारा मीटरखालच्या होडीला चहूबाजूच्या आणि मागच्या दिव्यासाठी दोन मैल, बाजूच्या दिव्यांसाठी एक मैल लागतो. दोन सागरी मैल म्हणजे साधारण ३.७ किलोमीटर. दुसरी, बाजूच्या दिव्याचा कोन ११२.५ अंश असला पाहिजे, म्हणजे अगदी नाकासमोरून ते बाजूच्या थोडं मागेपर्यंत. त्याहून जास्त पसरला तर दोन्ही रंग एकदम दिसतात आणि समोरच्याचा गोंधळ होतो. तिसरी, तांबड्या काचेमागे तांबडाच एलईडी आहे ना ते उघडून पाहायचं. काही ठिकाणी पांढरा एलईडी आणि पुढे तांबडी काच असते. त्याचा बराच उजेड काचेतच अडतो आणि रंगही फिका दिसतो. दुकानदाराने न कुरकुरता उघडून दाखवलं. चहूबाजूचे दोन, बाजूची जोडी, मागचा एक आणि डेकसाठी १८ वॅटचा एक, असे मिळून ७,३५० रुपये झाले.

बॅटरीचा हिशोब मात्र घरी करून गेलो होतो. आमच्या आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाला चार्जिंग नाही, त्यामुळे जी वीज घरून न्यायची तीच रात्रभर पुरवायची. तांबडा ३ वॅट, त्याखालचा पांढरा ३, बाजूचे दोन मिळून ४, मागचा २. एकूण १२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर एक अँपिअर. अकरा तासांचे ११ अँपिअर-तास. डेकचा दिवा दीड अँपिअर घेतो, तो जाळं ओढताना तीन तास धरला तर साडेचार. बेरीज साडेपंधरा. साधी बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून दुप्पट धरून ३५ अँपिअर-तासांची घेतली. झाकणाच्या पेटीसह ४,५०० रुपये. नेहमीच्या पिवळ्या बल्बांनी हाच हिशोब केला असता, तर ती बॅटरी उचलायला दोन माणसं लागली असती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दिवे बसवायचे आणि ३१ मेपर्यंत दोन-तीन रात्री समुद्रात पाहून घ्यायचे, असं ठरलं होतं. पण त्या वर्षी पावसाने कुणाचंच ऐकलं नाही. २२ मेपासून वादळी वारं सुटलं, वाडीतल्या सगळ्यांनी मिळून होड्या वर ओढल्या, आणि २५ मे रोजी तर मान्सून देवगडपर्यंत पोचला. शेवटचे नऊ-दहा दिवस सगळ्यांचेच बुडाले. ऐन सुरमईच्या आशेने कर्ज काढलेल्यांची तोंडं मला आजही आठवतात.

त्यामुळे १ जून ते ३१ जुलैच्या बंदीच्या काळात, झापांनी शाकारलेल्या होडीत बसून काम केलं. मागे वळून पाहता ते बरंच झालं, कारण घाई नव्हती.

आधी खांब. सर्वात खालचा दिवा काठापासून किमान दोन मीटर उंच आणि वरचा त्याच्यापासून किमान एक मीटर वर, असा नियम. म्हणजे तीन मीटरहून जास्त उंच खांब लागणार. कुडाळच्या एका वर्कशॉपमध्ये दीड इंची स्टीलचा पाइप घेतला, खाली बिजागरी लावून घेतली, म्हणजे जाळं ओढताना किंवा होडी वर काढताना तो आडवा करता येतो. पाइप आणि वेल्डिंग ३,४०० रुपये. ३१६ ग्रेडचं स्टील खाऱ्या हवेत जास्त टिकतं, पण तिथे ३०४चंच होतं. आम्ही प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने पुसतो.

भोकं पाडण्याआधी आम्ही दिवे नुसते क्लॅम्पने अडकवले आणि बाबांना बोलावलं. त्यांनी जाळ्याचा एक तुकडा काठावर टाकला आणि ओढून पाहिला. "ह्या हंय लावलंस तर जाळा अडाकतला," म्हणत त्यांनी उजव्या बाजूच्या हिरव्या दिव्यावर बोट ठेवलं. खरोखरच फास त्यात अडकला. मग दोन्ही बाजूचे दिवे काठावरून आत, नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) दिशेला हात-दीड हात पुढे घेतले आणि त्यांच्यापुढे लहान गोल पट्टी लावली. नियमावलीत जाळं कसं ओढतात हे लिहिलेलं नसतं. घरातल्या जाणत्या माणसाला एकदा तरी होडीत बसवून काम करून पाहायला सांगा, मगच ड्रिल हातात घ्या.

तारांवर काटकसर करू नका. वाडीतल्या बहुतेक होड्यांवर घरगुती वायर असते. दुसऱ्या हंगामापर्यंत तिच्या आत तांब्याला हिरवा कळंक चढतो आणि दिवा मंद होत जातो. आम्ही कलई केलेल्या तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली. जोड कमीत कमी ठेवले, प्रत्येक जोडावर आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी बसवली. दिव्याच्या आधी तारेला खाली एक वळसा दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी दिव्यात न जाता तिथेच ठिबकतं. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवला. फ्यूज लांब ठेवला, तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यावर आग थांबवायला काहीच उरत नाही, आणि आमच्या होडीत पेट्रोल असतं. तार, सहा बटणांचं पॅनेल, सीलंट वगैरे ४,९०० रुपये. बटणांवर मराठीत लिहून वर पारदर्शक पट्टी चिकटवली: 'चालताना', 'जाळं पाण्यात', 'काम'.

डेकच्या दिव्याला सर्वात जास्त वेळ लागला. पहिल्यांदा तो खांबावर उंच, पुढे तोंड करून लावला. रात्री पेटवला तेव्हा समोरच्या पांढऱ्या फायबरवरून उजेड उलटून डोळ्यांत आला, आणि बंद केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं बाहेरचं काहीच धड दिसेना. डोळ्यांना काळोख पुन्हा ओळखायला तेवढा वेळ लागतोच. शेवटी दिवा खाली आणला, तोंड मागे आणि खाली केलं, वर पत्र्याची झापड लावली. आता उजेड जाळं ओढणाऱ्याच्या हातांवर पडतो, पाण्यावर सांडत नाही. या दिव्याने बाजूचे रंगीत दिवे झाकोळता कामा नयेत, हाही नियमच आहे.

आणखी एक त्रास. डेकचा दिवा लावला की हातातल्या व्हीएचएफ रेडिओवर (वॉकीटॉकीवर) खरखर यायची. स्वस्त एलईडीच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स रेडिओला त्रास देते, हे मला माहीत नव्हतं. सोळा नंबरच्या चॅनलवर कुणी मदतीला हाक मारत असेल आणि आपल्याला ऐकूच आली नाही, तर त्या दिव्याचा काय उपयोग? तारेवर खरखर अडवणारा फेराइटचा चिमटा बसवला, तार रेडिओपासून लांब वळवली, तेव्हा खरखर जवळपास गेली. तुम्हीही दिवा बसवल्यावर एकदा रेडिओ चालू ठेवून प्रत्येक बटण दाबून पाहा.

४० वॅटचं सोलर पॅनेल आणि त्याचा कंट्रोलर ३,१०० रुपयांना घेतला. जुलैत त्याने जवळजवळ काहीच दिलं नाही. पावसाळ्यानंतर दिवसाकाठी बॅटरी भरते, तरीही मी आठवड्यातून एकदा घरी चार्जरवर लावतो. जाळ्याच्या टोकांसाठी सेलवरचे दोन दिवे ७०० रुपयांचे. सगळं मिळून २३,९५० रुपये, आणि तो वाया गेलेला पहिला दिवा आणि मुंबईची फेरी धरली तर २६,५००. आमच्यासाठी ही रक्कम मोठी आहे. एकदम जमत नसेल, तर तांबडा-पांढरा आणि खांब आधी करा, बाजूचे दिवे लगेच त्यानंतर. डेकचा दिवा एक हंगाम थांबू शकतो.

२ ऑगस्टला संध्याकाळी होडी वाळूतच असताना सगळे दिवे लावले. भाऊ तिच्याभोवती लांबून फेरी मारत गेला आणि कुठून कुठला दिवा दिसतो ते ओरडून सांगत गेला. डावीकडे तांबडा, मागे पांढरा, उजवीकडे हिरवा. नाकासमोर उभं राहिल्यावर दोन्ही रंग. एका जागी मागचा दिवा इंजिनाआड जात होता, तो चार बोटं वर घेतला. ८ तारखेला नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला, पण मग पाऊस आणि गणपती. खोल पाण्यातली परीक्षा १२ सप्टेंबरला झाली. चुलतभाऊ त्याच्या होडीतून जीपीएस पाहत लांब गेला. १.९ मैलांवरून त्याचा फोन आला: पांढरा स्वच्छ, तांबडा बारीक, पण दिसतोय.

१९ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावस्येच्या दोन रात्री आधी, पहिल्यांदा पूर्ण रात्र गेलो. बाबा हट्टाने आले. दक्षिणेला निवती रॉकच्या दीपगृहाचा दिवा फिरत होता. एकच्या सुमारास एक ट्रॉलर आमच्या बाजूला येताना दिसला. त्याच्या दोन्ही बाजूंचे दिवे दिसत होते, म्हणजे रोख आमच्यावरच होता. मग त्याचा हिरवा दिसेनासा झाला आणि फक्त तांबडा उरला. तो वळला होता, आणि बराच लांबून वळला होता. आमच्या दिव्यांमुळे वळला की त्याला तसंच जायचं होतं, मला सांगता येणार नाही. भावाने माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता, एवढं मात्र आठवतं.

ऑक्टोबरात एका रात्री गस्ती नौका जवळ आली. दिवे पाहून त्यांनी हटकलं, जनरेटर आहे का विचारलं. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून परवाना, अर्जाची पोच, बिलं आणि फोटो काढून दिले, बॅटरीची पेटी उघडून दाखवली. दहा मिनिटांत ते गेले. जाताना त्यातल्या एकाने १०९३ आणि १५५४ हे दोन नंबर फोनमध्ये आहेत ना, असं विचारलं. पहिला सागरी पोलिसांचा, दुसरा तटरक्षक दलाचा. माझ्या फोनमध्ये होते. खलाशाच्या फोनमध्ये नव्हते, ते त्याच वेळी घातले.

वाडीत कुणी काय म्हणेल ही बाबांची काळजी दिवाळीपर्यंत होतीच. पाडव्याच्या सकाळी शेजारचे काका अंगणात आले. एलईडीविरोधी मोर्चात ते नेहमी सर्वात पुढे असतात. बाबा उठून उभे राहिले. काकांनी खिशातून टेप काढला आणि मला म्हणाले, "पायपाचा माप माका दी मरे. बिजागरीसकट."